भोपळ्यानं खरं सांगितलं तेव्हा

भोपळ्यानं एकही शब्द खोटा सांगितला नव्हता. तरीही बघता बघता पाणमळ्याच्या शाळेचं मैदान ओस पडलं. असं कसं झालं, हे कोडं सगळ्यांत जास्त कुणाला छळत होतं, तर पाचवीतल्या ओजस्वी चौगुलेला, म्हणजे ओजूला. कारण तो प्रश्न विचारला होता तिनंच.

भोपळ्या म्हणजे कोण, ते आधी सांगायला हवं. सरकारदरबारी त्याचं नाव 'आरोग्य साहाय्यक चौदा'. उन्हावर चालणारा यंत्रमानव. गोल नारिंगी डोकं, खाली पिंपासारखं अंग आणि त्याखाली तीन चाकं. पाणमळ्याच्या पोरांनी त्याला पाहिलं आणि तिथल्या तिथे त्याचं बारसं उरकून टाकलं. त्यालाही ते नाव आवडलं असावं, कारण 'ए भोपळ्या' अशी हाक ऐकली की त्याचं डोकं गर्रकन वळायचं.

तो शिकलगार सिस्टरांबरोबर लसीकरणासाठी आला होता. नदीपलीकडच्या गावात दोन मुलांना घटसर्प झाला होता आणि दोघंही कोल्हापूरच्या दवाखान्यात होती. पाणमळ्यातल्या तरुण आईबापांनी या रोगाचं नावही धड ऐकलं नव्हतं. ज्याच्या नुसत्या नावानं पणजोबांच्या काळातली माणसं चळाचळा कापायची, तो रोग लशींमुळे इतका मागे हटला होता की लोक त्याला विसरून गेले. आणि रोग विसरले तसे लसही विसरले! लहानपणी लस टोचली तरी पुढे वर्धक मात्रा (शरीराला जुन्या लशीची आठवण करून देणारा डोस) घ्यावी लागते. ती गावातल्या बऱ्याच मुलांची राहिली होती. ओजूचीही राहिली होती. तिच्या पाच वर्षांच्या बहिणीचं, कुहूचं, तर तान्हेपणीच्या एका डोसानंतर पुढचं सगळंच राहून गेलं होतं.

तर सकाळी मैदानात सगळं गाव जमलं होतं. ओजूनं हात वर करून ठसक्यात विचारलं, "लशीत नेमकं काय काय असतं? आणि ती घेतल्यावर आजवर कुणाकुणाला काय काय झालंय?"

प्रश्न चांगलाच होता. शिकलगार सिस्टरांनी कौतुकानं मान डोलावली. पण त्यांनी तोंड उघडायच्या आत भोपळ्या पुढे सरकला आणि खणखणीत आवाजात सुरू झाला.

"संपूर्ण उत्तर देत आहे. घटसर्पाच्या जंतूचं विष, निष्क्रिय केलेलं. धनुर्वाताच्या जंतूचं विष, निष्क्रिय केलेलं. डांग्या खोकल्याचे मारलेले जंतू. ॲल्युमिनियम फॉस्फेट. फॉर्माल्डिहाइडचा अंश. मीठ. पाणी. आता दुसरा भाग. लस घेतल्यानंतरच्या दिवसांत नोंदवलेल्या घटना पुढीलप्रमाणे. ताप. दंड सुजणे. सतत रडणे. झटके. कावीळ. सायकलवरून पडणे. विंचू चावणे. विहिरीत पडणे..."

'विष' या शब्दालाच अर्धी माणसं उठली. तेवढ्यात कुणीतरी फोनवर फॉर्माल्डिहाइड शोधून काढलं आणि ओरडलं, "अरं, ह्यात मढी बुडवून ठेवत्यात!" मग काय विचारता! गावातल्या सुमनआत्तींनी नातवाचं बखोट धरलं आणि त्या चपला हातात घेऊनच निघाल्या. ओजूच्या बाबांनी कुहूला खांद्यावर टाकलं आणि मागे वळूनही न बघता गुऱ्हाळाची वाट धरली. भोपळ्या विंचवानंतरचं सगळं रिकाम्या मैदानाला सांगत राहिला.

शिकलगार सिस्टर कपाळाला हात लावून पायरीवर बसल्या. "आम्ही उद्या संध्याकाळपर्यंतच आहोत गं," त्या ओजूला म्हणाल्या. "परवा पुढच्या गावाला लस द्यायची आहे. आणि इथं एकानंही टोचून घेतलं नाही."

कुहू रोज दुपारी नदीकाठी खेळायची आणि पलीकडची पोरंही तिथंच पोहायला यायची. उद्या तिच्या घशात ते दुखणं बसलं तर? आपण तोंड उघडलं नसतं तर आत्तापर्यंत तिला लस मिळालीसुद्धा असती, असं तिला वाटलं आणि तिचे डोळे भरून आले.

"तू खोटं बोललास का रे?" तिनं नाक पुसत भोपळ्याला विचारलं.

"नाही," भोपळ्या म्हणाला. "प्रत्येक शब्द तपासलेला आहे. त्यामुळे लोक का गेले, ते मला समजत नाही."

"विंचू लशीमुळे चावतो होय?"

"नाही."

"मग सांगितलंस कशाला?"

"तू विचारलंस, लस घेतल्यावर काय काय झालंय. एका मुलानं सकाळी लस घेतली आणि संध्याकाळी त्याला विंचू चावला. म्हणून ते नोंदवलं गेलं. नियमच तसा आहे. लशीनंतर जे जे घडेल, ते ते कळवायचं. कारण लशीशी संबंध असलेलं किंवा नसलेलं, सगळं आधी गोळा करतात आणि नंतर निवडतात."

ओजू विचार करू लागली. आई रात्री तांदूळ निवडते तेव्हा आधी सगळे ताटात ओतते, मग खडे वेगळे काढते. न ओतता खडे दिसणार कसे?

"निवडतात कसं?" तिनं विचारलं.

"लस घेतलेली लाखभर मुलं बघायची आणि न घेतलेली लाखभर मुलं बघायची. विंचू दोन्हीकडे सारखेच चावले, तर त्याचा लशीशी संबंध नाही. ताप मात्र लस घेतलेल्यांत पहिल्या दोन दिवसांत जास्त दिसतो. म्हणजे तो लशीमुळे येतो. 'नंतर' झालं ते सगळंच 'मुळे' झालेलं नसतं."

"कावळा बसायला आणि फांदी मोडायला!" ओजू टाळी वाजवून म्हणाली. "फांदी किडकीच असते, आणि नाव कावळ्याचं!"

"बरोबर. पण एखादा कावळा खरोखरच फार जड असू शकतो. म्हणून प्रत्येक वेळी तपासून बघायचं. या तपासणीत पूर्वी एखादी लस नापास झाली, तेव्हा ती बंदही केलेली आहे."

"अरे मग हे सांगायचं होतंस ना मैदानात!"

"हे कुणी विचारलं नाही," भोपळ्या म्हणाला. ओजूला हसावं की रडावं ते कळेना. यंत्र झालं तरी शहाणपणाला मर्यादा असते, हे तिला त्या दिवशी कळलं.

तिनं सिस्टरांची परवानगी काढली आणि भोपळ्याला घेऊन गुऱ्हाळ गाठलं.

विश्वास चौगुल्यांचं गुऱ्हाळ म्हणजे पंचक्रोशीत नावाजलेलं. उसाचा रस गाळायला आता यंत्रं होती, चिपाडं वाळवायला उन्हावर चालणारे पंखे होते. पण गूळ कधी झाला हे ठरवायला अजून माणूसच लागायचा, आणि तो माणूस म्हणजे ओजूचे बाबा. मोठ्या काहिलीत रस रटरटत होता. बाबा लांब दांड्याच्या झाऱ्यानं वर आलेली काळपट मळी काढून बाजूला टाकत होते. पलीकडे गूळ घ्यायला आलेले सांगलीचे व्यापारी खाटेवर बसले होते. कुहू कोपऱ्यात काकवी चाटत बसली होती.

भोपळ्याला बघताच बाबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "ह्याला कशाला आणलंस हितं?"

"तो पाहुणा आहे, बाबा," ओजू म्हणाली.

बाबांचा नाइलाज झाला. कारण गुऱ्हाळाचा एक नियम आहे. तिथं वैरी जरी आला तरी त्याला गरम गूळ खाल्ल्याशिवाय पाठवायचं नाही. बाबांनी धुसफुसत उसाच्या पानावर गुळाचा एक गोळा घेतला आणि भोपळ्यापुढे धरला. "घे. पाहुणा हाईस म्हनून."

भोपळ्याला तोंड कुठलं! पण दिलेलं घ्यायचं असतं एवढं त्याला शिकवलेलं होतं. त्याच्या बोटाच्या टोकाला एक तपासणीची चकती होती, तिच्यावर त्यानं गूळ टेकवला. चकती दोनदा लुकलुकली.

"उत्तम गूळ," भोपळ्या म्हणाला. बाबांच्या आठ्या जराशा सैलावल्या. "एक प्रश्न. यात चुना वापरला आहे का?"

"व्हय. चुन्याची निवळी घालतोच की रसात."

"आणि चिकट रस कसला आहे?"

"जंगली भेंडीचा. त्यानं मळी वर येती."

भोपळ्याचं डोकं गर्रकन व्यापाऱ्यांकडे वळलं. "संपूर्ण माहिती देत आहे. या गुळाच्या निर्मितीत चुना वापरलेला आहे. चुना डोळ्यांत गेल्यास डोळ्यांना इजा होते. ओल्या चुन्यानं त्वचा भाजते. त्यानं भिंती रंगवतात. तसंच गुळात काहिलीच्या लोखंडाचा अंश..."

व्यापारी खाटेवरून अर्धवट उठले. "काय हो चौगुले, भिंतीचा चुना?"

बाबांचा पारा असा चढला की हातातला झारा काहिलीवर आदळला. "अरं ए भोपळ्या! जीभ हाय का इळा? अख्ख्या काहिलीला वाटीभर निवळी घालतो आमी! ती मळीला धरून वर आनती. मळी आमी काढून फेकतो. मागं ऱ्हातंय काय? तुझ्या नखाएवढं बी न्हाई! नुसतं नाव घिऊन लोकास्नी भ्या घालतोस व्हय? किती हाय ते सांग! कशाला घातलंय ते सांग! मापाचं बोल की जरा!"

आणि बाबा थांबले. कारण ओजू त्यांच्याकडे टक लावून बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं होतं.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "सकाळीपण त्यानं नुसती नावंच सांगितली होती."

बाबांनी व्यापाऱ्यांना हातानं 'बसा' म्हटलं. मग गड्याला चुलवाणातलं जळण मागे ओढायला सांगितलं, झारा टेकवून ठेवला आणि भोपळ्यासमोर उकिडवे बसले.

"बोल. आता मापात बोल," ते म्हणाले. "ते मढ्याचं औषध लशीत कशाला?"

भोपळ्यानं आवाज कमी केला. "घटसर्पाचा जंतू घशात बसतो आणि विष सोडतो. त्या विषानं घशात राखाडी पडदा धरतो आणि श्वास कोंडतो. विष रक्तात उतरलं तर हृदयालाही धक्का बसतो. लस बनवताना ते विष घेतात आणि त्यात फॉर्माल्डिहाइड घालतात. त्यानं विषाची नांगी मोडते. विषाचा आकार तसाच राहतो, मारायची ताकद जाते. अशा विषाला टॉक्सॉइड (नांगी मोडलेलं विष) म्हणतात. काम झालं की फॉर्माल्डिहाइड धुऊन काढतात."

"आमच्या मळीगत," बाबा पुटपुटले.

"हो. मागे जो अंश राहतो, त्याहून कितीतरी जास्त फॉर्माल्डिहाइड कुहूच्या रक्तात या क्षणीसुद्धा आहे. आपलं शरीर ते स्वतःच थोडं थोडं बनवतं आणि वापरून टाकतं."

कुहूनं दचकून काकवीचं बोट तोंडातून काढलं आणि आपल्या पोटाकडे बघितलं.

"आणि ॲल्युमिनियम?" व्यापाऱ्यांनीच विचारलं. आता तेही खाट पुढे ओढून बसले होते.

"गढूळ पाण्यात तुम्ही तुरटी फिरवता. तुरटीत ॲल्युमिनियमच असतं. लशीतला क्षार तुरटीच्याच नात्यातला. एका डोसातलं ॲल्युमिनियम मोहरीच्या एका दाण्याच्या वजनाहूनही कमी. ते टॉक्सॉइडला टोचल्या जागी धरून ठेवतं आणि शरीराला सांगतं, इकडे नीट बघा."

"कोन बघतंय?" बाबा म्हणाले.

"पांढऱ्या पेशी (रक्तातल्या राखण करणाऱ्या पेशी). त्या या विषाचा आकार ओळखून घेतात आणि त्याला अचूक चिकटतील अशी प्रतिपिंडं (विषाला पकडून निकामी करणारी हत्यारं) तयार करतात. काम संपलं की बऱ्याच पेशी मरतात. थोड्या मागे राहतात, त्या स्मृतिपेशी (शत्रूचा आकार आठवणीत ठेवणाऱ्या पेशी). पुढे खरं विष आलं, तर त्यांना शिकत बसावं लागत नाही."

"तालमीसारखं आहे, बाबा," ओजू म्हणाली. "वस्ताद तालमीत डाव टाकतात ते पोराची हाडं मोडायला नाही. जत्रेतल्या कुस्तीत त्याचं अंग आपोआप वळावं म्हणून."

"आनि तालीम सोडली की पैलवान डाव इसरतोय," बाबा म्हणाले.

"म्हणूनच वर्धक मात्रा," भोपळ्या म्हणाला.

"सुमनआत्ती म्हणत होत्या, पारा पण असतो म्हणे," ओजूनं विचारलं. आता विचारायचं ते सगळंच विचारून घ्यावं, असं तिनं ठरवलं होतं.

"एका बाटलीतून अनेकांना टोचायचं असेल, तर ती नासू नये म्हणून काही लशींत पाऱ्याचं एक संयुग अगदी कमी प्रमाणात घालतात. तापमापकातल्या पाऱ्याहून ते वेगळं असतं आणि शरीराबाहेर लवकर पडतं. पुन्हा पुन्हा तपासूनही त्यानं मुलांना अपाय झाल्याचं दिसलेलं नाही. आम्ही आणलेल्या बाटल्या एकेका मुलापुरत्या आहेत. त्यामुळे त्यांत ते घालायची गरजच नाही."

ओजूला वाटलं, झालं! आता बाबा उठतील आणि कुहूला घेऊन शाळेकडे निघतील. पण बाबा उठले नाहीत. ते जमिनीवर काडीनं रेघोट्या ओढत बसले.

"कळलं," ते म्हणाले. "समदं कळलं. पर पोरी, माझं भ्या त्ये न्हवंच."

"मग?"

बाबांनी कुहूकडे बघितलं. "ही दोन म्हयन्याची हुती. लस टोचून घरी आनली आनि सांजंपासनं अंग तव्यागत तापलं. किंचाळायची, नुसती किंचाळायची. तुजी आई दमून पडली. मी उजाडंस्तवर हिला छातीशी धरून अंगनात फिरलो. वाटलं, आता जाती पोरगी. सकाळी उतरला ताप. पर त्या रातीत मी मेलो हुतो बग. तवाच्या सिस्टर म्हनल्या, 'ताप येतोच.' मग टोचायच्या आधी सांगायला काय झालंतं? मला कुनी सांगितलंच न्हवतं."

ओजूनं बाबांना असं कधी पाहिलं नव्हतं. चिपाडासारखा, अंगातला रस निघून गेलेला माणूस समोर बसला होता. तिनं जाऊन त्यांच्या हातावर हात ठेवला. सकाळपासून ती मनातल्या मनात बाबांना हेकेखोर म्हणत होती. तिला स्वतःचीच लाज वाटली.

भोपळ्याचं डोकं या वेळी गर्रकन वळलं नाही. ते हळूच खाली झुकलं.

"ते चुकलं," तो म्हणाला. "तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. आणि सकाळी मीही चुकलो. मी सगळं सांगितलं, पण तुम्हाला ज्याची गरज होती तेच सांगितलं नाही."

"मग आता सांग," बाबा म्हणाले.

"कुहूला बहुतेक ताप येईल. आज संध्याकाळी किंवा उद्या. दंड लाल होईल, दुखेल, ती किरकिर करेल. एकदोन दिवसांत ते उतरेल. पाणी पाजत राहा, अंगावर हलके कपडे ठेवा, सिस्टर देतील ते तापाचं औषध त्या सांगतील तेवढंच द्या. ताप म्हणजे तिच्या पांढऱ्या पेशी कामाला लागल्याची खूण. नाहीच आला तरी लस काम करतेच. क्वचित एखाद्या मुलाला तापात झटका येतो. तसं झालं, किंवा ताप दोन दिवसांच्या वर टिकला, किंवा पोर सुस्त पडली, तर लगेच आम्हाला बोलवा. लाखांत एखाद्याला लशीची तीव्र ॲलर्जी होते. ती बहुधा टोचल्यावर थोड्याच वेळात दिसते, म्हणून अर्धा तास तिथंच बसवून ठेवतात. तिच्यावरचं औषध सिस्टरांच्या हाताशी तयार असतं."

बाबांनी एकेक गोष्ट परत म्हणून दाखवली. एक चुकली ती भोपळ्यानं दुरुस्त केली. मग बाबा म्हणाले, "आनि तिला लस दिलीच न्हाई तर?"

"तर कदाचित काहीच होणार नाही. पण घटसर्प झाला, तर दहा मुलांपैकी एखादं उपचार करूनही वाचत नाही. नदीपलीकडे तो आलेला आहे."

मग बाबांनी गड्याला काहिलीकडे लक्ष ठेवायला सांगितलं, हात धुतले आणि कुहूचं काकवीनं बरबटलेलं तोंड पंच्यानं पुसलं.

शाळेत कुहूनं असं काही भोकाड पसरलं की वडावरचे बगळे उडाले. ओजूनं मात्र ओठ घट्ट मिटून टोचून घेतलं. म्हणजे अगदी पाणी आलंच नाही असं नाही, पण ते डोळ्यांतच राहिलं. कुहूचे आणखी डोस पुढे ठरल्या वेळी द्यावे लागतील, असं सिस्टरांनी बजावलं. बाबा, दोघी बहिणी आणि भोपळ्या अर्धा तास पायरीवर बसले. घराघरांच्या खिडक्या किलकिल्या झाल्या होत्या आणि त्यांतून सगळं गाव बघत होतं.

संध्याकाळी ताप आलाच. कुहूनं आईच्या मांडीवर किरकिर केली, दंडाला हात लावू देईना. आईनं औषध दिलं, बाबांनी पाणी पाजलं. या खेपेला ते अंगणात फिरले नाहीत. तिच्या उशाशी बसून तिला उसाच्या वाढ्याच्या, म्हणजे शेंड्याच्या पानांची बाहुली करून देत राहिले. सकाळी बघतात तो कुहू उठून भाकरी मागत होती.

ओजू आनंदानं शाळेकडे धावली आणि कोपऱ्यावरच तिचे पाय अडखळले. विहिरीपाशी अर्धं गाव जमलं होतं. सगळ्यांच्या पुढे सुमनआत्ती, कमरेवर हात ठेवून. मागून कुहूला कडेवर घेऊन बाबा येत होते.

"काय रं विश्वास," सुमनआत्तींनी हाळी दिली, "पोरीला काल ताप आला म्हनं?"

सगळ्यांचे डोळे बाबांवर खिळले होते. आता बाबा 'हो' म्हणाले की संपलं. कालसारखीच माणसं घरोघर निघून जातील, संध्याकाळी सिस्टर निघून जातील आणि कुहूच्या बरोबरीची सगळी पोरं तशीच राहतील. ती मागे झाली आणि बाबांचा सदरा ओढून कुजबुजली, "नाही म्हणा, बाबा. नाही आला म्हणा. एकदाच."

बाबांनी तिच्याकडे बघितलं. मग कुहूला जरा वर उचलून घेतलं, म्हणजे सगळ्यांना ती दिसेल.

"आला," ते मोठ्यानं म्हणाले. "चांगला सनकून आला. सांगितलंतं तसाच आला आनि सांगितलंतं तसाच उतरला. दंड अजून लाल हाय, ह्यो बगा. उद्यापतोर दुखंल. कुनाला काय इचारायचं असंल तर मला इचारा, न्हाईतर त्या भोपळ्याला इचारा. पर भोपळ्याला म्हनावं, मापात बोल."

कुणीतरी फिस्सकन हसलं. सुमनआत्ती पुढे आल्या. त्यांनी कुहूच्या कपाळाला पालथा हात लावून बघितला, मग दंड बघितला, मग पुन्हा कपाळ. कुहूनं जीभ काढून दाखवली.

"थंड हाय की," आत्ती म्हणाल्या आणि नातवाला शोधायला लागल्या.

ओजू वाटेतच उभी राहिली. बाबांच्या त्या एका 'आला'मुळे तिला कालचं कोडं सुटलं होतं, आणि आपण त्यांना खोटं बोलायला सांगत होतो हे आठवून तिचे कान गरम झाले. खोटं बोलून आणलेली माणसं पुढच्याच तापाला परत पळाली असती. बाबांनी काही लपवलं नाही, आणि काल भोपळ्यानं केलं तसं नुसतं सांगून ते मोकळेही झाले नाहीत; लोकांचे प्रश्न ऐकायला थांबले.

दुपारपर्यंत शाळेत बसायला बाक उरले नाहीत. शिकलगार सिस्टरांना जेवायला फुरसत मिळेना. ओजू पोरांना रांगेत धरून ठेवत होती. मधेच तिनं भोपळ्याला विचारलं, "न टोचता लस देता येईल का रे कधी?"

"नाकात फवारायच्या, तोंडात थेंब टाकायच्या काही लशी आहेत. बाकीच्यांसाठी शोध चालू आहे. शोधणारी माणसं अजून कमी पडतात," भोपळ्या म्हणाला. "तुझ्यासारखे प्रश्न विचारणारी तर फारच कमी."

ओजू रांगेतल्या पोरांवर आणखी ताठ मानेनं ओरडू लागली.

तेवढ्यात सुमनआत्ती नातवाला घेऊन खुर्चीवर येऊन बसल्या. भोपळ्या पुढे सरकला. ओजूच्या मनात आलं, आता हा पुन्हा विंचवापासून सुरू करणार!

पण भोपळ्या खाली झुकला, आत्तींच्या डोळ्यांच्या पातळीवर आला आणि त्यानं हळू आवाजात विचारलं, "आजी, तुम्हाला भीती कशाची वाटते?"

आत्ती चपापल्या. एवढ्या वर्षांत त्यांना हे कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनी पदरानं तोंड पुसलं, नातवाला जवळ ओढलं आणि सांगायला सुरुवात केली. त्यांचं सांगणं लांबलचक होतं आणि रांग मोठी होती. पण त्यांचं सगळं सांगून होईपर्यंत भोपळ्या एक शब्दही बोलला नाही.